जाड पाइप, बारीक पाइप

“तिसऱ्यांदा आलो, गजू,” गाडीतून उतरता उतरता आसुटकर काका म्हणाले. “पुन्हा तेच. गरम हवा.”

आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचाच मला राग आला. माणूस भांडला तर त्याच्याशी भांडता तरी येतं. हे नुसते उभे होते, शर्ट पाठीला चिकटलेला, हातात गाडीची किल्ली. मागच्या सीटवर काकू डोक्यावर ओला टॉवेल घेऊन डोळे मिटून बसल्या होत्या.

“काकूंना कायले आणलं जी एवढ्या उन्हात?”

“उद्या नागपूरला न्यायचंय, डॉक्टरला दाखवायला. हिच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय हे तुला ठाऊक आहे. मागच्या खेपेला जाम गावच्या चौकात गाडीतच भोवळ आली हिला. म्हटलं, गाडीत बसून काय होतं ते तूच तुझ्या डोळ्यांनी बघ.”

मे महिना, वणी गाव. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि टिनाच्या शेडखाली उभं राहवत नव्हतं. माझं दुकान आणि घर एकच, मधे फक्त एक दार. आवाज ऐकून माझी बायको रत्ना बाहेर आली, कडेवर आमची वर्षाची तनू. तिने काकूंना दंडाला धरून आत नेलं, कूलरपुढे बसवलं, आणि जाता जाता माझ्याकडे असं काही बघितलं की मी नजर वळवली.

खोटं कशाला सांगू, त्या उन्हाळ्यात माझा हात चुकायला लागला होता. आणि हात सोडला तर माझ्यापाशी दुसरं काहीच नव्हतं. शाळा सातवीत सुटली. नागपुरात करीमचाचांच्या दुकानात नऊ वर्षं राबलो आणि गाडीच्या एसीचं काम शिकलो. चाचा गेज, म्हणजे गॅसचा दाब दाखवणारं मीटर, लावत नसत. हात लावत. इंजिन चालू ठेवायचं, उजव्या हाताने ॲक्सिलरेटरचा दांडा ओढून धरायचा, आणि डाव्या हाताची करंगळीकडची कड आधी जाड पाइपवर टेकवायची, मग बारीक पाइपवर. कॉम्प्रेसर धड असेल तर जाड पाइप माठासारखा गार लागतो आणि बारीक इतका तापतो की हात ठेववत नाही. दोन्ही सारखेच लागले की समजायचं, एक तर गॅस गेला, नाही तर कॉम्प्रेसर. “तळव्याची कातडी कामानं मरते बेटा, कड जिवंत राहते,” असं चाचा म्हणायचे. मीही गेज विकत आणलं होतं, पण ते कपाटात पडून होतं. मारेगाव, पांढरकवड्यापासून लोक गाड्या घेऊन यायचे ते गजूभाऊच्या हातासाठी. हाताचा मला माज होता. होता म्हणजे होता.

आणि त्या एप्रिलपासून चार गाड्या परत आल्या होत्या. चारही वेळा मी गिऱ्हाइकावरच ओरडलो. तुम्ही काच उघडी ठेवता, तुम्ही गाडी उन्हात लावता. आत मात्र धसका बसला होता. हात गेला तर गजूला कोण विचारतो?

आसुटकर काकांची गाडी अठ्ठ्याऐंशी सालची, पांढरी, एसी नंतर बसवलेला. काका कुठल्याशा सरकारी खात्यातून रिटायर होऊन दोन वर्षांपूर्वी वणीत राहायला आले होते. आरोग्य खातं एवढंच मला ठाऊक. पहिल्या खेपेला मी हात लावला, दोन्ही पाइप सारखे लागले, म्हणून गॅस भरला. दुसऱ्या खेपेला पुन्हा सारखेच, म्हणून कॉम्प्रेसर बदलला. आता बदलायला उरलं काय?

“चालू करा,” मी म्हणालो.

काकांनी इंजिन चालू केलं, एसीचं बटण दाबलं आणि उतरून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मी दांडा ओढला, डावा हात टेकवला. जाड पाइप. बारीक पाइप. दोन्हींत फरक नाही. पुन्हा जाड. पुन्हा बारीक. बारीक पाइपवर हात तसाच ठेवून मी विचार करत राहिलो. नवा कॉम्प्रेसरसुद्धा फुकट गेला का? तो विकणाऱ्या नागपूरवाल्याने मला फसवलं का?

“कॉम्प्रेसरच खराब दिला त्यानं,” मी म्हणालो. “दोन्ही पाइप सारखेच हायेत. त्याच्या मायला...”

“मी लावून बघू?” काका म्हणाले.

“बघा ना जी. तुमचीच गाडी हाये.”

त्यांनी जाड पाइपला बोट लावलं. “हा तर गार आहे, गजू. चांगला गार.” मग बारीक पाइपला लावलं आणि झटक्यात हात मागे घेतला. बोट तोंडात घातलं.

माझा हात अजून त्याच पाइपवर होता.

काका माझ्या हाताकडे बघत राहिले. मग वाकून त्यांनी किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं. “काढ हात,” ते म्हणाले. “काढ आधी.”

काढला. करंगळीखालची कड लाल झाली होती आणि बघता बघता तिथे पाण्याचा फोड टरारून आला. मला काहीच दुखलं नाही. ते बघून मला आधी हसू आलं, खरंच सांगतो. म्हटलं, “कामाचा हात हाये काका, निबर झाला.”

“हात निबर झाला तर तळवा होतो. कड नाही होत.” चाचांचे शब्द यांच्या तोंडी ऐकून मी चपापलो. “बस इथे. चहा सांग. आणि एक ग्लास माठातलं पाणी.”

चहा रत्नानेच आणला. तिला त्यांनी गोड बोलून आत पाठवलं. दोन्ही ग्लास बाकावर ठेवले, एक चहाचा, एक पाण्याचा.

“डोळे मिट.”

“हे काय चाललं काका? माले गाडी पाहू द्या.”

“मिट म्हणतो ना.”

मिटले. त्यांनी माझा डावा हात धरला आणि कडेला काहीतरी टेकवलं. “गरम की गार?”

आता बघा, माझा जन्म गेला गरम की गार सांगण्यात. कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. मी वाट बघितली. ग्लास टेकला आहे हे कळत होतं, काच आहे हे कळत होतं, पण पुढचं काही येईना.

“गरम,” मी म्हणालो.

“आणि आता?”

“गार.”

“आता?”

“गरम. नाही, गार.”

“डोळे उघड.”

तिन्ही वेळा पाण्याचा ग्लास होता. चहा बाकावर तसाच होता, वर साय धरलेली.

  काकांनी माझी बाही वर सरकवली. कोपराच्या खाली रुपयाएवढा फिकट डाग होता, तो बघितला. रत्ना त्याला शिबं म्हणायची, म्हणून मीही शिबंच समजत होतो. त्यावर त्यांनी खिशातल्या पेनाचं टोक लावलं, मला कळलं नाही. मग कोपराच्या आतल्या खोबणीत बोटं घालून एक नस चाचपली, दाबली. तिथे मात्र करंगळीपर्यंत कळ गेली.

“किती दिवसांपासून बोटांना मुंग्या येतात?”

“दिवाळीपासून असतील. काय हाये हे?”

“गजू, मी एकतीस वर्षं नोकरी केली ती कुष्ठरोगाच्या खात्यात. गडचिरोली, चंद्रपूर, गावोगाव सायकलवर. लोकांचे हात बघणं हेच माझं काम होतं.” ते हळू बोलत होते, आतल्या दाराकडे बघत. “या रोगात आधी गरम-गार कळेनासं होतं. स्पर्श नंतर जातो. म्हणून तुला पाना धरता येतो, स्क्रू फिरवता येतो, आणि पाइप मात्र कळत नाही.”

मी उठलो. “चला. उठा. गाडी घ्या आणि निघा.”

“ऐक तरी.”

“काय आयकू? महारोगी म्हनता मले माझ्याच दारात? बायको-पोरगी हाये आत. निघा म्हनतो ना!”

बाप्पा, काय काय बोललो मी त्या माणसाला! वडिलांच्या वयाचा माणूस. ते जागचे हलले नाहीत. माझं ओरडून झाल्यावर म्हणाले, “बरा होतो हा रोग. बारा महिने गोळ्या. सरकारी दवाखान्यात मिळतात. आज गेलास तर हात राहील. जितका थांबशील तितका हात जाईल. मी कोणाला सांगणार नाही, माझ्या बायकोलाही नाही. जायचं तुझं तुलाच आहे.”

मी गाडीकडे वळलो.

“आणि आता त्या दुसऱ्या हाताने बघ,” ते म्हणाले. “मला उद्या नागपूरला जायचंय.”

त्यांनी इंजिन पुन्हा चालू केलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी उजवा हात पाइपला लावला. जाड पाइप गार. बारीक तापलेला, चटका बसला. कॉम्प्रेसर ठणठणीत होता. बहुतेक जुनाही ठणठणीतच असणार. म्हणजे गारवा तयार होत होता आणि आत येईपर्यंत कुठेतरी मरत होता. मग दहा मिनिटंही लागली नाहीत. त्या गाडीला हीटर होता. वणीत हीटर कोण लावतो? वर्षानुवर्षं न फिरवलेला त्याचा नळ अर्धवट उघडा राहून गंजला होता, आणि इंजिनचं उकळतं पाणी त्या नळातून थेट हवा गार करणाऱ्या जाळीच्या शेजारी फिरत होतं. मी ती नळी चिमट्याने आवळून बंद केली. आतल्या जाळीतून जी हवा आली तिने काकांच्या कपाळावरचे केस हलले.

काकू बाहेर आल्या, गाडीत बसल्या, आणि म्हणाल्या, “अगं बाई, किती बरं वाटतंय!” मला त्यांनी आशीर्वाद दिला. मी हात मागे धरून उभा होतो.

दवाखान्यात मी गेलो नाही.

आज कोणी विचारलं का नाही गेलास, तर सांगता येत नाही. तिथला शिपाई माझ्या ओळखीचा होता. केसपेपरवर नाव लिहितात. एकदा नाव फुटलं की माझ्या हाताने उघडलेल्या दाराच्या गाडीत कोण बसणार? आमच्या मोहल्ल्यात याच रोगापायी एका म्हाताऱ्याला गोठ्यात ठेवलं होतं, मी लहान असताना. आई लांबून भाकरी सरकवायची त्याला. तो म्हातारा माझा सख्खा मोठा बाप, म्हणजे वडिलांचा थोरला भाऊ होता.

म्हणून गोठा मी माझा मीच बांधला. जूनपासून शेडमध्ये खाट टाकली. रत्नाला सांगितलं, अंगाला गॅसचा वास येतो, पोरीला सोसणार नाही. ताट वेगळं केलं, ग्लास वेगळा केला, धुवायचाही मीच. रत्ना आधी हसली, मग भांडली, मग बोलेनाशी झाली. तनू रांगत उंबऱ्यापर्यंत यायची, माझ्या पायाला धरून उभी राहायला बघायची. मी ओरडायचो, “घे हिले! उचल हिले इथून!” ती दचकायची. दोन-चारदा असं झाल्यावर ती उंबऱ्याच्या आतच बसायला शिकली. आत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघायची. मी तिला लांबून बघायचो आणि मनाला समजवायचो की मी हिला वाचवतोय.

काम मी उजव्या हाताने करू लागलो. कपाटातलं गेज काढलं. चुका थांबल्या, नावही राहिलं. पण दिवाळीपर्यंत करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागलं होतं. बारीक स्क्रू धरला की पडायचा.

आणि आसुटकर काका येत राहिले. दर दुसऱ्या सोमवारी. चार माणसं बसलेली असली की मोठ्याने म्हणायचे, “गजू, एसी बघ रे, गार होत नाही.” मी बॉनेट उघडून वाकलो की शेजारी वाकायचे आणि हळूच विचारायचे, “गेलास?”

“जातो जी.”

“हात दाखव.”

बॉनेटच्या आडोशाला हात बघायचे, बोटं सरळ करून बघायचे. गाडी घेऊन जायचे. एसीला काहीही झालेलं नसायचं. नोव्हेंबर सरला, स्वेटरं निघाली, तरी हे एसीची तक्रार घेऊन हजर! लोक हसायला लागले. “काका, थंडीत एसी?” काका म्हणायचे, “माझ्या बायकोला गरम होतं.” म्हातारा चळला असं गावात झालं. त्यांनी ते होऊ दिलं, पण माझं नाव कुठे निघू दिलं नाही. आणि मला, सांगायला लाज वाटते, त्यांची गाडी वळताना दिसली की तिडीक कपाळात जायची. म्हणायचो, आला पुन्हा!

डिसेंबरातला तो सोमवार. सकाळचं ऊन शेडमध्ये आलं होतं. दुकानात मी आणि काका दोघेच. तनू आता चालायला लागली होती, बरंच बोलायलाही. ती आतून दुडदुडत आली, उंबऱ्याला पाय अडकला आणि तोंडावर आपटली. माझ्यापासून दोन पावलांवर. ओठ फुटला. रक्त आलं.

मी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि ओरडलो, “रत्ना! रत्ना, धाव!”

रत्ना मोरीवर होती. तिला यायला वेळ लागला. तेवढा वेळ पोर जमिनीवर पडून रडत होती आणि मी तिच्यापुढे हात मागे बांधून उभा होतो. शेवटी काकांनी वाकून तिला उचललं. रत्ना आली, तिने पोरीला घेतलं, ओठ पदराने पुसला.  आत गेली.

काका माझ्याकडे बघत होते. सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला.

“हे असं किती दिवसांपासून?”

“जूनपासून.”

“पोरीला हात लावत नाहीस?”

“तिले काही होऊ नये म्हनून जी.”

“अरे गाढवा!” ते ओरडले. “औषध सुरू झालं की हा रोग दुसऱ्याला लागत नाही. पहिल्या गोळ्या घेतल्या असत्यास तर त्या दिवसापासून पोर तुझ्या मांडीवर बसली असती. तू तिला वाचवत नव्हतास, तू स्वतःला लपवत होतास. मीही मूर्ख, मला वाटलं तू तुझा हातच घालवतोयस. बस गाडीत.”

बसलो. फडकंही खाली ठेवलं नाही, तसाच बसलो.

दवाखान्यात शिपाई होता, त्याने नमस्कार केला. केसपेपरवर नाव लिहिलं गेलं, गजेंद्र पिंपळशेंडे, वय चौतीस. डॉक्टरांनी हात बघितला आणि बोटांबद्दल काकांना इंग्रजीत काहीतरी सांगितलं. काकांनी मला ते मराठीत सांगितलं नाही, पण मला कळलं. ती दोन बोटं आजही वळलेलीच आहेत. गरम-गारही त्या कडेला कधी परत आलं नाही. नर्सबाईंनी गोळ्यांचं पाकीट फोडलं आणि पहिल्या गोळ्या तिथेच, त्यांच्यासमोर घ्यायला लावल्या. एका घोटात सगळ्या गिळल्या. घरच्यांना तपासणीला आणा म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात दोघींना नेलं. देवाची कृपा, दोघी चांगल्या निघाल्या.

काकांनी मला घराच्या दाराशी सोडलं. “मी येऊ आत?”

“नको जी. मी सांगतो.”

रत्ना चुलीपुढे होती. मी पाकीट तिच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं, पाइपपासून. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढे बोलता आलं नसतं. ती ऐकत राहिली. तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं.

“सात महिने?” ती म्हणाली.

“हो.”

“मले वाटलं, तुमाले दुसरी कोनी भेटली.” आणि ती रडायला लागली, तोंड उघडं टाकून, लहान पोरीसारखी. “मी माहेरी जायची तयारी करत होती. ट्रंक भरून ठेवली मी. अवो, सांगायचं ना! मले काय दगड समजले तुमी? तुमचं ताट मी नसतं धुतलं का?”

 तिने माझा डावा हात ओढून घेतला, वळलेली बोटं बघितली, आणि तो हात तिने स्वतःच्या गालाला लावून ठेवला. गाल ओला आहे एवढं मला कळलं.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले. “मंग आता हिले घेता येते?”

“आजपासून येते.”

“तनू,” तिने हाक मारली. “ये इकडं. जा, घे म्हन.”

तनू कोपऱ्यात डबे मांडून खेळत होती. ओठ सुजलेला होता. ती उठून चार पावलं आली आणि आईपाशी थांबली. मी उकिडवा बसलो आणि दोन्ही हात पुढे केले. 

तिने माझ्या हातांकडे बघितलं, मग तोंडाकडे. मला ओळखून ती हसली, आणि गिऱ्हाइकं बाहेरून जशी हाक मारायची तशी मोठ्याने म्हणाली, “दजूभाऊ!”

“गजूभाऊ नाई बाई,” रत्ना म्हणाली.  “बाबा. बाबा हाये तो. बाबा म्हन.”

पोर आईच्या पदराआड गेली. मी हात पुढे करून तसाच बसून राहिलो.